‘कूल’ : एका बोलीशब्दाचा अर्थेतिहास

१

शब्दाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याचा पहिला आधार कोश हाच असतो. आणि कोश हा स्वभावतः लिखित भाषेचा दप्तरखाना असतो. जो शब्द दरबारात, धर्मपीठात, न्यायालयात किंवा ग्रंथात वावरला, त्याच्या येण्याजाण्याच्या नोंदी दप्तरात सापडतात. जो शब्द नाक्यावर, मजुरांच्या वस्तीत किंवा गायनवादनाच्या अड्ड्यावर घडला, त्याची नोंद बहुधा तो तेथून बाहेर पडल्यानंतर होते. ज्यांनी तो घडवला त्यांच्या तोंडी असताना तो अलिखित असतो आणि लिखित होतो तेव्हा तो पुष्कळदा इतरांच्या हाती गेलेला असतो. अनौपचारिक शब्दाच्या अर्थेतिहासातील ही मूलभूत अडचण आहे. ती केवळ साधनांच्या तुटवड्याची अडचण नव्हे. भाषेत कोणाचे बोलणे पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते, या प्रश्नाशी ती निगडित आहे.

इंग्रजीतील ‘कूल’ हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. आज हा शब्द इंग्रजीच्या सीमा ओलांडून अनेक भाषांत रुळलेला आहे. ‘थंडसर’ हा त्याचा वाच्यार्थ. परंतु ‘शांत चित्ताचा’, ‘अलिप्त’, ‘निरुत्साही’, ‘धीट’, ‘उत्तम’, ‘आधुनिक अभिरुचीचा’ आणि नुसतेच ‘ठीक आहे, हरकत नाही’ असे अनेक अर्थ तो एकाच वेळी वागवतो. अर्थाची इतकी व्याप्ती लाभलेल्या शब्दाविषयी दोन प्रकारची विधाने केली जातात. एक असे की, हा शब्द इतका सैल झाला आहे की त्याला अर्थच उरलेला नाही. दुसरे असे की, हा तरुणांचा क्षणजीवी शब्द असून त्याचा इतिहास शोधण्यात हशील नाही. दोन्ही विधाने तपासून पाहिली असता टिकत नाहीत. या शब्दाला दीर्घ इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा मधला, सर्वांत महत्त्वाचा टप्पा विसरला गेल्यामुळेच तो आज अर्थशून्य भासतो.

२

‘कूल’ हा परका किंवा उसना शब्द नाही. प्राचीन इंग्रजीत ‘कोल’ या रूपात तो आढळतो. ‘कोल्ड’ आणि ‘चिल’ हे शब्द त्याचेच सगोत्र होत. अतिशीतही नव्हे आणि उष्णही नव्हे, अशी मधली अवस्था तो दर्शवतो. तापमानावरून मनोवस्थेकडे जाणारी लक्षणा या शब्दात फार पूर्वीच आलेली दिसते. ‘बिओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात वैराच्या कढांमुळे पत्नीविषयीचे प्रेम थंडावत जाण्याचा उल्लेख या शब्दाने केलेला आहे. तेथे ‘कूल’ होणे ही हानी आहे. जे उष्ण असावयास हवे ते निवून गेले आहे.

शेक्सपिअरच्या काळात या लक्षणेला दुसरी, गौरवाची बाजू प्राप्त झालेली दिसते. ‘हॅम्लेट’मध्ये राणी गर्ट्रूड मुलाच्या संतापाच्या ज्वाळेवर संयमाचा शिडकावा करावयास सांगते, तेव्हा त्या संयमाला ती हेच विशेषण लावते. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील थिसिअसचे प्रसिद्ध भाषण तर काव्यविचाराच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचे आहे. थिसिअस वेडा, प्रियकर आणि कवी या तिघांना एका पंक्तीत बसवतो. त्यांच्या मेंदूंना उकळी फुटलेली असते आणि त्यांच्या कल्पनेला जे दिसते ते ‘कूल’ विवेकाच्या कक्षेत येत नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाचे स्थान स्पष्ट होते : तो विवेकाच्या, राजाच्या आणि व्यवस्थेच्या बाजूला होता, कवी त्याच्या विरुद्ध बाजूला होता. पुढे साडेतीनशे वर्षांनी हाच शब्द कवींना आणि वादकांना लावला जाऊ लागला व व्यवस्थेला नाकारला जाऊ लागला. त्या स्थानांतराची उकल हाच या अर्थेतिहासाचा गाभा आहे.

अठराव्या शतकात या शब्दाला एक गमतीदार उपयोग लाभला. मोठ्या रकमेवर जोर देण्यासाठी तो तिच्याआधी जोडला जाऊ लागला. हेन्री फील्डिंगच्या ‘टॉम जोन्स’मध्ये (१७४९) जुगारात गेलेल्या शंभराच्या रकमेला हे विशेषण लागलेले आहे. पैसा आणि ‘कूल’ यांची सोयरीक अशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात आणखी एक छटा दृढ झाली. शांतपणे, डोळ्यांची पापणी न लववता केलेल्या उद्धटपणाला ‘कूल’ म्हटले जाऊ लागले. मराठीत ‘निर्ढावलेला’ हा शब्द या छटेच्या जवळ जातो.

या छटेचे सर्वांत बोलके उदाहरण अब्राहम लिंकन यांच्या एका भाषणात सापडते. २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये दिलेल्या या भाषणात गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करताना लिंकन दक्षिणेकडील राज्यांच्या धमकीचा समाचार घेतात. रिपब्लिकन अध्यक्ष निवडून आला तर आपण संघराज्य मोडू आणि मोडल्याचे पाप तुमच्या माथी मारू, असे दक्षिणेचे म्हणणे होते. त्यावर लिंकन यांची टिप्पणी एवढीच होती की, हे फारच ‘कूल’ झाले. वाटमाऱ्याने कानशिलाला पिस्तूल लावावे आणि पैसे दिले नाहीत तर खून तुझ्यामुळे होईल असे म्हणावे, तसा हा प्रकार आहे, असा दृष्टान्त ते देतात. येथे ‘कूल’ आहे तो गुलामांचा मालक. त्याची निर्विकारता सत्तेतून आलेली आहे. ज्यांच्या मालकीवरून हा वाद चालला होता त्या गुलामांच्या वंशजांनी पुढे याच शब्दाला नेमका उलट आशय दिला.

१९२४ मधील अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत कॅल्व्हिन कूलिज यांच्या आडनावावर कोटी करून मतदारांना ‘कूल’ राहण्याचा सल्ला देणारी प्रचारगीते गायली गेली. त्या वर्षापर्यंत सार्वजनिक इंग्रजीत हा शब्द ‘डोके थंड ठेवणारा, भरवशाचा’ याच अर्थाने प्रतिष्ठित होता. त्याच सुमारास, किंबहुना त्याआधीपासून, हा शब्द दुसऱ्या एका वस्तीत वेगळे काही करीत होता. त्याची दप्तरात नोंद नव्हती, इतकेच.

३

ती नोंद १९३३ साली एका कथेत झालेली दिसते. झोरा नील हर्स्टन यांची ‘द गिल्डेड सिक्स-बिट्स’ ही कथा त्या वर्षी ‘स्टोरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हर्स्टन या फ्रान्झ बोआस यांच्या विद्यार्थिनी. फ्लॉरिडातील कृष्णवर्णीयांच्या लोककथा त्यांनी क्षेत्रात राहून गोळा केल्या व १९३५ मध्ये ‘म्यूल्स अँड मेन’ या ग्रंथात संकलित केल्या. ज्या समाजाची बोली त्या लिहीत होत्या तो त्यांचा स्वतःचा समाज होता. त्यामुळे ही नोंद बाहेरच्या माणसाने टिपलेली नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

कथेत जो हा कष्टकरी तरुण आपल्या पत्नीजवळ स्लेमन्स नावाच्या एका नवागताचे वर्णन करतो. स्लेमन्स मोठमोठी शहरे पाहून आलेला, अंगावर सोन्याची नाणी मिरवणारा, गावात आइस्क्रीमचे दुकान थाटणारा असा आहे. त्याच्याजवळ पैसा आहे, ही बाब अधिकच ‘कूल’ आहे, अशा अर्थाचे वाक्य जो बोलतो. या वाक्यात हा शब्द ‘शांत’ किंवा ‘थंड’ या अर्थाने येऊच शकत नाही. तो येथे प्रशंसावाचक आहे. पण कथा तेथे थांबत नाही. जोची पत्नी त्या सोन्याच्या मोहाला बळी पडते आणि मग उघडकीस येते की, ती नाणी सोन्याची नव्हतीच. चांदीच्या हलक्या नाण्यांना सोनेरी मुलामा दिलेला होता. कथेचे शीर्षकच त्या मुलाम्याचे आहे. प्रशंसावाचक ‘कूल’चे साहित्यातील हे आरंभीचे उदाहरण जिच्यात आहे, त्या कथेचा विषय चकाकी आणि तिचे मोल यांतील तफावत हा असावा, हे लक्षणीय आहे. हर्स्टन यांना या शब्दाचे भविष्य ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही; परंतु प्रशंसेच्या शब्दावर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न त्यांच्या कथेने आरंभीच उपस्थित करून ठेवला आहे.

या शब्दाचे जनकत्व सामान्यतः लेस्टर यंग (१९०९-१९५९) या सॅक्सोफोनवादकाला दिले जाते. हर्स्टन यांच्या कथेचा पुरावा लक्षात घेता ते शब्दशः मान्य करता येत नाही. बोलीशब्दाला एकच जनक असतो ही कल्पना मुळात ग्रंथकाराच्या प्रतिमेवरून बेतलेली आहे. तथापि, या शब्दाला एक जीवनदृष्टी म्हणून रूप देण्याचे श्रेय यंग यांना देणे रास्त ठरते. विसाव्या दशकातील जॅझमध्ये गौरवाचा शब्द ‘हॉट’ हा होता. लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९२५ पासूनच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणांत वादकसंचाचे नावच ‘हॉट फाइव्ह’ असे आहे. सॅक्सोफोनचा भारदस्त, भरीव नाद म्हणजे कोलमन हॉकिन्स असे समीकरण होते. १९३४ साली फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात यंग यांनी हॉकिन्स यांची जागा घेतली तेव्हा त्यांनी हॉकिन्स यांच्यासारखे वाजवावे अशी अपेक्षा होती. त्यांनी ते केले नाही आणि ते तेथे फार काळ टिकलेही नाहीत. त्यांचा नाद हलका, कंपरहित, तालाच्या किंचित मागे रेंगाळणारा होता. भावना कमी होती असे नव्हे. ती आवाज न चढवता मांडलेली होती. वाद्य तिरपे धरण्याची त्यांची पद्धत, चपटी टोपी, काळा चष्मा आणि परक्याला न उमगणारी स्वतःची परिभाषा ही सगळी एकाच वृत्तीची अंगे होती.

या वृत्तीला कोणती किंमत मोजावी लागत होती हेही पाहावयास हवे. १९४४ मध्ये यंग यांना सैन्यात भरती करण्यात आले. पुढच्याच वर्षी अमली पदार्थ बाळगल्यावरून त्यांच्यावर लष्करी खटला चालून जॉर्जिया राज्यातील लष्करी बंदिवासात त्यांना ठेवण्यात आले व अखेर अप्रतिष्ठेने सेवामुक्त करण्यात आले. दक्षिणेतील वर्णभेदाच्या त्या वातावरणात काळ्या माणसाने संताप दाखवणे म्हणजे जिवाशी खेळणे होते आणि नम्रतेचे हसू दाखवणे म्हणजे गोऱ्या प्रेक्षकाला हव्या असलेल्या विदूषकाची भूमिका पत्करणे होते. काळ्या चष्म्यामागचा निर्विकार चेहरा या दोन्हींना नकार देत होता. जोएल डिनरस्टीन यांनी युद्धोत्तर अमेरिकेतील ‘कूल’च्या उगमाविषयीच्या आपल्या ग्रंथात (२०१७) यंग यांना या परंपरेच्या आरंभी ठेवले आहे, ते यामुळेच.

४

मुखवटा ही कल्पना आफ्रिकी-अमेरिकी साहित्याला नवी नव्हती. पॉल लॉरेन्स डनबर यांची मुखवट्यावरची प्रसिद्ध कविता एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील आहे. पण डनबर यांचा मुखवटा हसरा आहे. आतले दुःख लपवण्यासाठी तो चढवावा लागतो. ‘कूल’ हा न हसणारा मुखवटा आहे. दोहोंमधील अंतर म्हणजे सुमारे अर्ध्या शतकात झालेले स्वत्वाच्या जाणिवेचे परिवर्तन होय.

या मुखवट्याचे मूळ आफ्रिकेत शोधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ‘आफ्रिकन आर्ट्स’ या नियतकालिकातील लेखात केला. पश्चिम आफ्रिकेतील अनेक भाषांत शीतलता हे सौंदर्याचे, शुचितेचे आणि सामाजिक मनोमीलनाचे लक्षण मानले जाते, योरुबा भाषेतील ‘इतुतु’ ही संकल्पना त्याचेच उदाहरण आहे, आणि संकटात तसेच आनंदातही चेहऱ्यावर समतोल राखणे हा तेथील शिल्पांचा व नृत्यांचाही आदर्श आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनाचे मूल्य मोठे आहे. मात्र त्याची मर्यादाही सांगावयास हवी. संकल्पनांमधील साम्य म्हणजे शब्दाची व्युत्पत्ती नव्हे. ‘कूल’ हा ध्वनिरूपाने निखळ जर्मानिक शब्द आहे. फार तर असे म्हणता येईल की, परक्या भाषेतील एका शब्दात आफ्रिकी वंशाच्या भाषकांनी आपला जुना मूल्यभाव ओतला. परंतु गुलामगिरीच्या आणि वर्णभेदाच्या अनुभवाशिवाय त्या मूल्यभावाला हे विशिष्ट रूप आले नसते. योरुबा समाजातील शीतलता समाजाशी जोडणारी आहे. अमेरिकेतील ‘कूल’ हे शत्रुभावी समाजापासून स्वतःला राखणारे आहे.

लेरॉय जोन्स (नंतरचे अमिरी बराका) यांनी ‘ब्लूज पीपल’ (१९६३) या ग्रंथात हाच मुद्दा नेमकेपणाने मांडला आहे. त्यांच्या मते जग रोज जे भयानक काही समोर ठेवते त्याने विचलित न होणे, त्याने प्रभावित झाल्याचेही न दाखवणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ होता. म्हणजे ‘कूल’ असणे हा भावनेचा अभाव नाही. आपल्या भावनेवर सत्ता गाजवण्याचा अधिकार दुसऱ्याला न देणे, असा त्याचा आशय आहे.

या आशयाची सर्वांत कठोर चिकित्सा त्याच समाजातील एका कवयित्रीने केली. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची ‘वी रिअल कूल’ ही कविता १९५९ मध्ये ‘पोएट्री’ मासिकात आणि पुढील वर्षी ‘द बीन ईटर्स’ या संग्रहात आली. शाळा सोडून पूल नावाचा टेबलावरचा चेंडूंचा खेळ खेळत बसलेली सात मुले तिच्यात बोलतात. कविता अवघ्या आठ ओळींची. तिच्यातला एकूण एक शब्द एकाक्षरी. ‘आम्ही’ हे सर्वनाम ओळींच्या टोकाशी पुन्हा पुन्हा येते आणि तेथे आवाज किंचित अडखळतो. हे सर्वनाम हळू आवाजात वाचले जावे, अशी कवयित्रीची अपेक्षा होती. शेवटच्या ओळीत हे सर्वनाम टोकाशी नाही. मुलांच्या लवकरच येणाऱ्या मरणावर कविता थांबते आणि ‘आम्ही’ नाहीसे होते. ‘कूल’पणाच्या घोषणेपासून मरणापर्यंतचा हा प्रवास इतक्या थोड्या शब्दांत झाल्यामुळे मुखवट्याचा डौल आणि त्याची असहायता एकाच वेळी प्रत्ययास येतात.

शीर्षकातील व्याकरणही पाहण्यासारखे आहे. प्रमाण इंग्रजीत कर्ता आणि विशेषण यांच्यामध्ये जे सहायक क्रियापद अनिवार्य मानले जाते, ते येथे नाही. कृष्णवर्णीयांच्या बोलीचे हे एक प्रमुख लक्षण. शाळेने त्याला चूक ठरवले होते. विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकातील निबंधात ते चूक नसून नियमबद्ध आहे हे दाखवून दिले. मराठी वाचकाला हे पटण्यास अडचण पडू नये. ‘हा माझा भाऊ’, ‘आम्ही अडाणी माणसे’ ही क्रियापदरहित वाक्ये मराठीत पूर्ण व शुद्धच मानली जातात. एका भाषेत जे सहज, ते दुसऱ्या भाषेत अडाणीपणाचे लक्षण ठरते, ते भाषेच्या स्वरूपामुळे नव्हे, तर बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानामुळे. ब्रुक्स यांना १९५० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. प्रमाण इंग्रजी त्यांना येत नव्हती असे कोणी म्हणू शकत नव्हते. त्यांनी ‘चुकीचे’ वाक्य निवडले, कारण ते वाक्य त्या मुलांचे होते.

५

या शब्दाचे पुढचे स्थानांतर समजून घेण्यासाठी १९५० चे दशक पाहावयास हवे. चार्ली पार्कर यांनी १९४७ मध्ये ‘कूल ब्लूज’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. माइल्स डेव्हिस यांच्या नऊ जणांच्या संचाने १९४९-५० मध्ये केलेली ध्वनिमुद्रणे १९५७ साली ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाने एकत्र प्रसिद्ध झाली. या संचात काळे आणि गोरे दोन्ही वादक होते. पण पुढे ‘कूल जॅझ’ हे नाव मुख्यतः कॅलिफोर्नियातील गोऱ्या वादकांच्या शैलीला चिकटले. १९५४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर डेव्ह ब्रुबेक झळकले. ड्यूक एलिंग्टन यांची पाळी येण्यास १९५६ साल उजाडावे लागले. ब्रुबेक यांच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही आणि एलिंग्टन यांना आपल्याआधी हा मान मिळावयास हवा होता असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे. प्रश्न व्यक्तीचा नसून प्रसिद्धीच्या यंत्रणेचा आहे.

१९५७ मध्येच नॉर्मन मेलर यांचा ‘द व्हाइट निग्रो’ हा निबंध ‘डिसेंट’मध्ये आला. अणुबॉम्बच्या आणि छळछावण्यांच्या युगात जगण्याची रीत गोऱ्या बंडखोर तरुणाने काळ्या माणसाकडून शिकावी, कारण तो सदैव धोक्याच्या सान्निध्यात जगत आला आहे, असा त्याचा मथितार्थ होता. वरकरणी हा गौरव होता. प्रत्यक्षात त्यात काळ्या माणसाला पुन्हा एकदा आदिम, देहनिष्ठ आणि हिंसेच्या जवळचा ठरवण्यात आले होते. जेम्स बाल्डविन यांनी १९६१ मध्ये ‘एस्क्वायर’मध्ये त्याला उत्तर दिले. मेलर यांच्याविषयीचा स्नेह न लपवता त्यांनी दाखवून दिले की, गोऱ्या लेखकाला जे साहस वाटते ते काळ्या माणसासाठी निवडीचा विषयच नसते. ‘कूल’च्या अर्थेतिहासात हा वाद निर्णायक आहे. मुखवटा चढवण्याची सक्ती असलेला आणि तो हौसेने चढवणारा, या दोघांच्या तोंडी एकच शब्द असला तरी तो एकच अर्थ सांगत नाही. पहिल्याला मुखवटा उतरवता येत नाही, दुसऱ्याला तो हवा तेव्हा उतरवता येतो.

हा फरक काव्यात्म नव्हता हे एका घटनेने दाखवले. २५ ऑगस्ट १९५९ च्या रात्री न्यूयॉर्कमधील ‘बर्डलँड’ या क्लबच्या बाहेर, वादनाच्या मध्यंतरात माइल्स डेव्हिस उभे होते. क्लबच्या दर्शनी भागावर त्यांचेच नाव झळकत होते. एका गोऱ्या स्त्रीला त्यांनी नुकतेच टॅक्सीपर्यंत पोहोचवले होते. पोलिसाने त्यांना तेथून हलण्यास सांगितले, वाद झाला, आणि पोलिसांनी डोके फुटेपर्यंत मारहाण करून त्यांना अटक केली. पुढे न्यायालयात त्यांच्यावरील आरोप टिकले नाहीत. त्याच महिन्यात त्यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका बाहेर आली होती. ज्या कलावंताला जग ‘कूल’चे मूर्तिमंत रूप मानू लागले होते, त्याचे रक्त त्याच्याच नावाच्या पाटीखाली सांडले. समतोल चेहरा अब्रू राखू शकतो, संरक्षण देऊ शकत नाही, हा या शब्दामागचा अनुभव होता. शब्द उचलणाऱ्यांनी तो अनुभव उचलला नाही.

साठच्या दशकात शब्दाचे सार्वत्रिकीकरण पूर्ण झाले. मार्शल मॅक्लुहान यांनी ‘अंडरस्टँडिंग मीडिया’ (१९६४) या ग्रंथात माध्यमांची विभागणी ‘हॉट’ आणि ‘कूल’ अशी केली. कमी तपशील देऊन ग्राहकाला सहभागास भाग पाडणारे माध्यम, उदाहरणार्थ दूरचित्रवाणी, हे त्यांच्या मते ‘कूल’. जॅझच्या बोलीतील शब्द येथे सिद्धान्ताची परिभाषा बनला. जाहिरातीच्या व्यवसायाने या शब्दामागील बंडखोरी कशी आत्मसात केली याचा वृत्तान्त थॉमस फ्रँक यांच्या ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ कूल’ (१९९७) मध्ये येतो. बाजाराने बंडखोरांना नंतर गिळंकृत केले, ही रूढ समजूत फ्रँक बाजूला सारतात. साठच्या दशकातील जाहिरातदार स्वतःच अनुसरणवृत्तीचा तिटकारा विकण्यात पुढे होते, असे त्यांचे म्हणणे आहे.

पण या बाबतीत आणखी मागे जाता येते. हर्स्टन यांची कथा ज्या १९३३ साली प्रसिद्ध झाली, त्याच साली अमेरिकेत ‘कूल’ याच उच्चाराच्या नावाची, आद्याक्षराचे वर्णलेखन तेवढे बदललेली, मेंथॉलयुक्त सिगारेट बाजारात आली. तिच्या नावात तेव्हा पुदिन्याच्या थंडाव्यापलीकडे काही नव्हते. मात्र पुढील दशकांत या उत्पादनाची जाहिरात कृष्णवर्णीय वस्त्यांत आणि नियतकालिकांत जोमाने करण्यात आली आणि १९७० च्या दशकात त्याच नावाने जॅझ महोत्सव भरवले गेले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांत आजही मेंथॉल सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे आहे. ज्या समाजाने या शब्दाला मूल्य दिले, त्याच समाजाला तो शब्द विषाच्या वेष्टनावर छापून विकण्यात आला. भाषिक देवघेवीला ‘प्रभाव’ किंवा ‘आदान’ अशी सौम्य नावे देणाऱ्या अभ्यासकाने हे उदाहरण नजरेआड करू नये.

शब्द मात्र टिकला. रॉबर्ट मूर यांनी २००४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’मध्ये दाखवल्याप्रमाणे, एका पिढीचा सर्वसाधारण प्रशंसेचा शब्द सहसा त्या पिढीच्या मूल्यांशी बांधलेला असतो, ‘स्वेल’ हा तसा शब्द होता आणि त्याची जागा ‘कूल’ने घेतली. परंतु त्यानंतर अनेक पिढ्या लोटूनही ‘कूल’ची जागा दुसऱ्या शब्दाने पूर्णपणे घेतलेली नाही. प्रदर्शनापेक्षा संयमाला अधिक मान देणारी जी वृत्ती तो शब्द सुचवतो, ती आधुनिक शहरी जीवनाला सोयीची आहे, हे त्याचे एक कारण असू शकेल. ‘ठीक आहे’ या अर्थाने होकारात तो वापरला जातो तेव्हाही ‘मी विचलित झालो नाही’ ही जुनी छटा क्षीणपणे तेथे असतेच.

६

मराठीत हा शब्द मुख्यतः १९९१ नंतरच्या उपग्रह वाहिन्या, जाहिराती आणि इंग्रजी शिक्षणाचा प्रसार यांच्याबरोबर रुळला. तो येथे दोन अर्थांनी वावरतो. महेंद्रसिंग धोनी यांना मराठी वृत्तपत्रांनी ‘कॅप्टन कूल’ म्हटले ते ‘अविचल’ या अर्थाने. २ एप्रिल २०११ च्या वानखेडे मैदानावरील अंतिम सामन्यानंतर हे बिरुद घरोघरी पोहोचले. सदऱ्याला किंवा चारचाकीला ‘कूल’ म्हटले जाते ते केवळ प्रशंसेने. मराठीची स्वतःची प्रशंसावाचके मात्र वेगळ्या दिशेची आहेत. ‘भारी’ हा शब्द वजनाचा आहे, ‘कडक’ हा काठिण्याचा आणि चहाच्या संदर्भात तीव्रतेचा. तापमानाच्या अंगाने पाहता, उष्ण हवामानाच्या या प्रदेशात ‘जीव गार होणे’, ‘डोळे निवणे’, ‘थंडावा’ हे समाधानाचे शब्द आहेत; पण माणसाला ‘थंड’ म्हटले तर तो निरुत्साही किंवा घातकी ठरतो. शीतलता ही मराठीत अनुभवाची गुणवत्ता आहे, स्वभावाची क्वचितच.

‘कूल’ला ‘स्थितप्रज्ञ’ किंवा शांतरस यांच्याशी जोडण्याचा मोह येथे होऊ शकतो. तो आवरणे बरे. शांतरसाचा स्थायिभाव शम मानावा की निर्वेद, हा वाद असला तरी दोन्ही पक्षी विकाराचे शमन गृहीत आहे. ‘कूल’मध्ये विकार शमलेला नसतो, झाकलेला असतो, आणि झाकण्याची गरज बाहेरच्या सत्तेने निर्माण केलेली असते. अध्यात्माच्या परिभाषेत घेतल्याबरोबर ही सत्ता दृष्टीआड होते.

अधिक खरा दुवा वेगळाच आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याच दशकात जनार्दन वाघमारे यांच्या अभ्यासाने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी वाचकासमोर ठेवले. म्हणजे ‘कूल’ हा शब्द येथे येण्यापूर्वीच त्याला जन्म देणाऱ्या समाजाशी मराठीचा संवाद सुरू झालेला होता. मात्र त्या संवादातून आला तो ‘विद्रोह’, ‘कूल’ नव्हे. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने पांढरपेशा वाचकाला अपरिचित असलेले वस्तीतले शब्द ग्रंथात आणले, आणि ते बोलणाऱ्याच्याच हाताने आणले. या कवितेने मुखवट्याची शांतता नाकारली, उष्णता पत्करली. दोन पीडित समाजांनी अपमानाला दिलेली ही दोन भाषिक उत्तरे आहेत. त्यांत श्रेष्ठकनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही, कारण अमेरिकेतही साठच्या दशकात दुसरे उत्तर पुढे आलेच होते. परंतु पहिले उत्तर बाजाराला उचलता आले आणि दुसरे तितक्या सहजी उचलता आले नाही, याची नोंद घ्यावयास हवी. झाकलेल्या संतापाचे वेष्टन तेवढे विकता येते. उघड संतापाच्या बाबतीत ते तितके सोपे नसते.

मिखाईल बाख्तिन यांच्या मते भाषेतील प्रत्येक शब्द अर्धा दुसऱ्याचा असतो; आपला हेतू त्यात भरल्यावरच तो आपला होतो. गुलामांच्या वंशजांनी मालकांच्या भाषेतील ‘कूल’ हा शब्द असाच आपला केला. लिंकन यांनी ज्या निर्ढावलेल्या शांतपणाचा उपहास केला होता, त्याच शब्दाला त्यांनी आत्मसन्मानाचा अर्थ दिला. नंतर तो पुन्हा इतरांचा झाला. शब्दावर कोणाचीच कायमची मालकी असत नाही, हे खरे. म्हणून मराठी तरुणाने ‘कूल’ म्हणू नये असे म्हणण्यात काही अर्थ नाही. पण मालकी नसली तरी ऋण असते. ते फेडता येत नसले तरी त्याची आठवण ठेवता येते, आणि अर्थेतिहासाच्या अभ्यासाचे प्रयोजन बव्हंशी तेच आहे.